साखर उतरली त्या रविवारी

माझी साखर नेमकी चार लोकांतच उतरते, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे. घरी साड्यांचे सुटे धागे कापत, म्हणजे धागा कटिंग करत बसले की काही होत नाही. बसमध्ये होतं, रेशनच्या रांगेत होतं, दुसऱ्याच्या लग्नात पंगत बसायच्या आधी होतं. कारण साधं आहे. बाहेर पडलं की जेवायची वेळ पुढे जाते, आणि सकाळी टोचलेलं इन्सुलिन काही कोणासाठी थांबत नाही. पण हे समजावून सांगायला जीभ जागेवर हवी ना. त्या वेळी घाम फुटतो, हात थरथरतात, समोरच्याचे ओठ हललेले दिसतात आणि तो काय म्हणतो ते डोक्यात शिरत नाही.

लोक मात्र फार हुशार असतात. या सुरतेत मी जेवढ्या चपला पायात घातल्या नसतील तेवढ्या हुंगल्या आहेत. हिला फिट आली असं समजून कोणीही उठतो आणि पायातली काढून माझ्या नाकाला लावतो. एकदा बीआरटीएसच्या बसमध्ये शेजारची बाई साडी आवरून दुसरीकडे जाऊन बसली. दारूबंदीच्या राज्यात सकाळी साडेदहाला ही कुठून ढोसून आली, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी 'साखर, साखर' म्हणत होते, पण ते शब्द तोंडातच घोळत राहिले. पुढच्या स्टॉपवर मला उतरवून दिलं. तिथल्या रसवाल्याच्या आईलाही हाच आजार होता, म्हणून त्या दिवशी वाचले.

तीन महिन्यांपूर्वी उधन्याच्या भाजीबाजारात मी बटाट्यांच्या ढिगावर कोसळले. सासूबाई, म्हणजे शोभाबाई, बरोबर होत्या. भोवती गर्दी जमली. त्यांनी हिला साखरेचा आजार आहे, काहीतरी गोड द्या, असं सांगितलं तर एक शर्ट-पँट घातलेले भाई मध्ये पडले. "बेन, डायाबिटीसमां गळ्युं ना अपाय." या आजारात गोड द्यायचं नसतं, हे त्यांना कुठून तरी कळलेलं होतं आणि गर्दीलाही ते पटलं. शोभाबाईंनी त्यांना कोपराने बाजूला केलं, किराणावाल्याच्या परातीतून गुळाचा खडा उचलला आणि माझ्या गालात कोंबला. मग भर रस्त्यात मांडी घालून माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोनदा समजावलेलं होतं. माझी सासू अंगठा लावणारी, पण एवढा धडा तिला पाठ होता. घाम, थरथर, बरळणं दिसलं की आधी साखर, मग विचारपूस. घरी आल्यावर मी त्यांच्या पाया पडले. मनापासून पडले, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या घरात आम्ही चौघं. धनश्रीचे पप्पा, हेमराज, लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करतात. बोलायचं सगळं तिथल्या खडखडाटात संपत असावं, घरी ते फक्त मान डोलावतात. धनश्री आमची एकुलती एक. बारावी सायन्स झाली आणि या वर्षी तिचा वडोदऱ्याला नर्सिंगला नंबर लागला. होस्टेलही मिळालं. श्रावणातल्या एका बुधवारी कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला जाणार होती. पोरगी दिवसातून दहा वेळा फोनमध्ये ती यादी उघडून आपलं नाव पाहायची.

शोभाबाई नाही म्हणाल्या. त्यांनी शिक्षण नको असं म्हटलं नाही, लग्नाचंही काढलं नाही. त्यांचं बोट माझ्याकडे होतं. हिला उद्या रस्त्यात काही झालं तर मी म्हातारी एकटी काय करू, पोर घरात असली तर निदान चार हात तरी असतात, असं त्या म्हणायच्या. माझ्या आजाराचं कुलूप करून त्यांनी माझ्याच पोरीच्या दाराला लावलं. आणि त्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून मला धड भांडताही येत नव्हतं. धनश्रीच्या पप्पांनी दोन्हीकडे मान डोलावली. कानबाई होऊन जाऊ दे, मग ठरवू, असं म्हणाले.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणात रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी तिचं विसर्जन होतं. नारळाला नथ घालायची, साडी नेसवायची, पाटावर मांडायची. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे आणि त्याचे रोट करायचे. पोरीच्या नावाची मूठ नसते. त्या दिवशी भाऊबंदांतल्या कोणत्या तरी बाईच्या अंगात देवी येते, आणि वर्षभर अडलेल्या गोष्टी तिला विचारून घेतात. हो असेल तर मान उभी हलते, नाही असेल तर आडवी. माझाही कानबाईवर विश्वास आहे. आजही आहे.

यंदा कानबाई आमच्या घरी होती आणि रोट माझ्याकडे होते. रोट करणाऱ्या बाईने नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. नैवेद्य दहाला ठरला होता, म्हणून मी साडेनऊला नेहमीचं इन्सुलिन टोचून घेतलं. मी हिशेब करून टोचलं होतं. पण भाऊबंदांतले सगळ्यांत मोठे चिंधाभाऊ अमळनेरहून यायचे होते आणि त्यांच्या हातूनच नैवेद्य दाखवायचा होता. गाडी नंदुरबारलाच अडकली. साडेदहा झाले, अकरा झाले. मी सासूबाईंना हळूच विचारलं, एक बिस्कीट खाऊ का? त्या म्हणाल्या, आत्ता येतील, जरा दम धर. आणि मीही दम धरला. डॉक्टरीणबाईंनी मला काय कमी बजावलं होतं? पण वीस बायका बघत असताना डब्यात हात घालायची माझी छाती झाली नाही.

धनश्री त्या खोलीत नव्हती. शनिवारीच तिची पाळी आली होती, म्हणून तिला शेजारच्या खोलीत बसवलं होतं. देवीच्या खोलीचा उंबरा ती ओलांडू शकत नव्हती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी उभी होते आणि हातातली परात खाली पडली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. कोणीतरी माझा अंबाडा सोडला. धुपाचा धूर थेट नाकात आला, कपाळावर मूठभर कुंकू बसलं, आणि माझी चुलत जाऊ चंचल ओरडली की सुषमावहिनीच्या अंगात आली. मग गाणी सुरू झाली. मी जमिनीवर बसलेली होते आणि माझं डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर लोंबकळत होतं. समोर नैवेद्याचं ताट होतं. त्यात खीर होती, पुरणपोळी होती. माझ्या हातापासून दोन वितींवर साखर होती आणि मला ती मागता येत नव्हती. शोभाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांचा चेहरा अगदी जवळ आला. त्यांनी माझा हात हातात घेतला, कपाळावरचा घाम पदराने टिपला, काहीतरी विचारलं. एवढंच मला आठवतं.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडात साखर होती आणि समोर धनश्री. हातात साखर मोजायचं मशीन. त्यावर एक्केचाळीस आकडा होता. पोरगी रडत होती आणि तिच्याभोवती बायका दहा हात लांब उभ्या राहून तिला शिव्या देत होत्या. ती उंबरा ओलांडून आत आली होती.

काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. ती दारातून ओरडत होती, देवी नाहीये, मम्मीची साखर उतरलीय, साखर द्या. कोणी ऐकलं नाही. आजीने गप्प बस म्हणून हात केला आणि मला विचारलं, "माय, पोरले धाडू का?" माझं डोकं डावीकडून उजवीकडे लोंबकळत होतं, ते तसंच लोंबकळत राहिलं. आजीने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मान आडवी. खोलीतल्या सगळ्या बायकांनी हात जोडले, पप्पांनी हात जोडले, आणि तेव्हा ती आत घुसली.

मी म्हटलं, अहो, माझी साखर एक्केचाळीस होती, मशीन बघा. चिंधाभाऊ तोवर आले होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले की देवी अंगात आल्यावर शरीर थंड पडतंच, मशीनला काय कळतंय. चंचलने तांब्या आणून माझे पाय धुतले. लग्न होऊन वीस वर्षांत या घरात माझे पाय कोणी धुतले नव्हते. धनश्रीला मात्र बाहेर काढलं आणि ती जिथून चालत आली तिथे गोमूत्र शिंपडलं. देवी नाही म्हणाली ते का, हे त्यांना आता आणखीच पटलं होतं. ही अशी पोर, विटाळ घेऊन देवीच्या अंगावर जाणारी.

मी सासूबाईंना एका बाजूला घेऊन विचारलं. बाजारात तुम्हीच मला वाचवलंत, मग आज ओळखलं कसं नाही? त्या भांड्यातलं पीठ खरवडत राहिल्या. घाबरले, म्हणाल्या. सगळ्या बायका देवी म्हणायला लागल्या, मलाही देवीच दिसली. मला ते खरं वाटलं. म्हातारं माणूस, घर भरलेलं, गोंधळली असेल. आणि धनश्रीच्या पप्पांकडे पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. ठरवण्याचं काम देवीने परस्पर उरकून टाकलं होतं. मला त्या वेळी त्यांचा जेवढा राग आला तेवढा माझ्या आजाराचाही कधी आला नाही.

सोमवारी सकाळी मी पोटभर खाल्लं. दोन पोळ्या, वर वाटीभर खीर, आणि इन्सुलिन निम्मंच टोचलं. त्या दिवशी मला साखर उतरायला नको होती, आणि उतरल्यासारखं दिसायलाही नको होतं. मला देवी यायला हवी होती. देवीने काल नाही म्हटलं असेल तर आज तिनेच हो म्हणावं, दुसरा रस्ता उरलेला नव्हता. पाटावरच्या नारळासमोर मी डोकं टेकलं आणि मनात म्हटलं, माय, तुझं सोंग घेते आहे, शिक्षा करायची तर मला कर, पोरीला सोड.

मिरवणूक तळ्याकडे निघाली. पुढे डोक्यावर कानबाई घेतलेली चंचल, मागे बायका, त्यामागे बँड, आणि सगळ्यांत मागे, पन्नास पावलं अंतर ठेवून, धनश्री. रेल्वे फाटकाच्या अलीकडे मी केस सोडले आणि रस्त्यात बसकण मारली. अंगात येणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, मला सगळं येत होतं. दात आवळले, श्वास मोठा केला, शरीर घुमवलं. बँड थांबला. बायकांनी कडं केलं. धनश्रीचे पप्पा पुढे आले आणि हात जोडून उभे राहिले.

मी मान उभी हलवली, सगळ्यांना दिसेल अशी. मग मोठ्याने म्हणाले, "पोरले जाऊ द्या. काल तुम्ही माले उपाशी ठेवं. पोर जाईन, शिकीन. मनी शपथ शे."

क्षणभर ते लागू पडलं. मी अर्धवट मिटलेल्या डोळ्यांतून पाहिलं, धनश्रीच्या पप्पांचे ओठ हलत होते, डोळे भरले होते. ते वाकले, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "बरं माय. तू म्हनशी तसं." वीस वर्षांत या माणसाने माझ्यासमोर स्वतःहून घेतलेला हा पहिला निर्णय होता, आणि तोही त्याने मला दिला नव्हता, देवीला दिला होता. तरी मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

मग शोभाबाई गर्दीतून पुढे आल्या. घाई नाही, गडबड नाही. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. कालसारखाच हात हातात घेतला, कपाळ चाचपलं. कपाळ कोरडं होतं. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मला कळलं की त्यांना सगळं कळलं आहे. आज कळलं आहे, आणि कालही कळलं होतं. काल त्यांनी माझा घाम स्वतःच्या पदराने टिपला होता. तो घाम कशाचा हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. साखर दोन वितींवर होती आणि तरी त्यांनी तीनदा प्रश्न विचारला. मी मरू शकले असते. बाजारात मला मांडीवर घेऊन बसलेली हीच बाई.

त्या वळून सगळ्यांना म्हणाल्या, "देवी नही. हिनी साखर उतरनी. साखर लई या."

गर्दी सैल झाली. अरे हो, हिला साखर आहे ना, असं एकीने दुसरीला सांगितलं. काल ज्यांना मशीन खोटं वाटत होतं त्या सगळ्या आज डॉक्टर झाल्या. एकीने पेढा काढून माझ्या तोंडात कोंबला, कोणी चॉकलेट काढलं, पानाच्या टपरीवरून थंड बाटली आली. मी म्हणत होते, माझी साखर ठीक आहे, मला काही झालेलं नाही. आणि मी जसजशी तसं म्हणत होते तसतशी त्यांची खात्री पटत होती, कारण साखर उतरल्यावर माणूस असंच बरळतं, हे शोभाबाई त्यांना समजावून सांगत होत्या.

चिंधाभाऊंना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. ते देवीने शपथ घातलेली ऐकून पुढे आले होते. देवी खरी की साखर खरी, हे ठरवा म्हणाले. तेव्हा शोभाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "देवी काल नही म्हनी. ती दोन दिनमा दोन तोंडघाई बोलस का? साखर उतरनी व्हई. नहीते मग हाई नाटक शे." मग मागे पाहून त्यांनी हाक मारली, "धनश्री, मशीन लई ये."

नाटक हा शब्द ऐकल्यावर बायकांचं कडं दोन पावलं मागे सरलं. कानबाईचं सोंग घेणाऱ्या बाईला आमच्यात काय म्हणतात आणि तिच्या पोरीचा हात पुढे कोण धरतं, हे मला माहीत होतं. धनश्रीच्या पप्पांनी माझ्या पायावरचा हात काढून घेतला.

धनश्री आली. तिला आता कोणी अडवलं नाही, कानबाई चंचलच्या डोक्यावर पुढे थांबलेली होती. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, माझं बोट धरलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. पाच सेकंद लागतात. मशीन तिने तिच्या आणि माझ्या मध्ये धरलं होतं, आम्हा दोघींनाच दिसेल असं. आकडा आला. दोनशे चौदा.

आत्ता तोंडात घातलेल्या पेढ्याने पाच मिनिटांत एवढी चढत नाही. हे नर्सिंगला नंबर लागलेल्या मुलीला कळायला शिकावं लागत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं आणि कोणासाठी केलं, हे तिला त्या पाच सेकंदांत समजलं. मी मान हलवून सांगायचा प्रयत्न केला की खरं सांग, होऊ दे माझं काय व्हायचं ते. पण माझ्या मान हलवण्याला त्या दोन दिवसांत काही अर्थच उरला नव्हता.

तिने मशीन बंद केलं आणि उभी राहिली. "अडतालीस," ती म्हणाली. "बहुत कमी आहे. आजी बरोबर सांगते. देवी नाहीये."

शोभाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोर शहाणी आहे, म्हणाल्या. बँड पुन्हा सुरू झाला. चंचलची सासू माझ्या तोंडाशी दुसरा पेढा घेऊन आली आणि धनश्री म्हणाली, खा मम्मी. सगळे बघत होते, म्हणून मी खाल्ला. मग थंड बाटली प्यायले. धनश्री माझ्या बोटावर कापूस दाबून बसली होती. माझ्या कानाशी वाकून ती फक्त एवढंच म्हणाली की घरी गेल्यावर पाणी भरपूर पी. साखर वाढल्यावर डॉक्टरीणबाई हेच सांगतात.

वडोदऱ्याला हजर व्हायचं होतं त्या बुधवारी सकाळी ती माझ्या शेजारी धागे कापायला बसली. मी तिला म्हटलं, अजून दुपारची गाडी मिळेल, मी पप्पांशी बोलते. ती म्हणाली, काय सांगशील? तिने फोनमधली ती यादी काढून टाकली होती. दर दोन तासांनी ती उठते, माझं बोट टोचते आणि आकडा सांगते. आता खरा सांगते.